पट्टीखालची झिलई

त्या बंदुकीला मी कागद गुंडाळला तो तिला जपण्यासाठीच, हे आधी सांगून ठेवतो. पुढे जे सांगायचे आहे त्यात माझ्या बाजूने उभी राहणारी ही एकच गोष्ट आहे, आणि तीही फार वेळ उभी राहत नाही.

बंदूक व्हर्लिन ओक्सची. मिझुरीच्या दक्षिणेकडच्या या डोंगरांत आम्ही दोघांनी एकतीस वसंत रानातल्या टर्की पक्ष्यांच्या शिकारीत घालवले. तो बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यामागे उभा राही, मी हायस्कुलात सुतारकाम शिकवत असे. त्याच्या लग्नाला वीस वर्षे झाली तेव्हा त्याच्या बायकोने, इमोजीनने, चार हिवाळे लोकांच्या गोधड्या शिवून साठवलेल्या पैशांतून त्याला ही बंदूक घेतली. अक्रोडाचा कुंदा, आणि नळीवर निळसर काळी झिलई. कावळ्याच्या मानेवर ऊन पडावे तशी. चापाच्या वरच्या सपाट पोलादावर तिने गावातल्या घड्याळजीकडून केसासारख्या बारीक अक्षरांत कोरून घेतले होते : ‘व्हर्लिनला. जेवायच्या वेळेला घरी ये. इमोजीन.’

इमोजीन जाऊन नऊ वर्षे झाली. व्हर्लिनच्या खिशात तंबाखूची एक जुनी पत्र्याची डबी असते आणि डबीत तेलात भिजवलेले फडके. बंदुकीला कोणी नुसता हात लावला तरी तो डबी उघडतो. बोटांच्या घामानेही झिलई जाते, असे तो म्हणतो, आणि ते खरे आहे. आमच्याकडे उसनी घेतलेली वस्तू घेतली त्याहून स्वच्छ करून परत देतात. तो रिवाज व्हर्लिनने स्वतःच्याच बंदुकीसाठीही धर्मासारखा पाळला.

गेल्या हिवाळ्यात त्याची नजर गेली. पूर्ण नव्हे, समोर पाहिले की मधोमध धूर साचल्यासारखे दिसे, आणि कडेने तेवढे थोडे स्पष्ट. डॉक्टरांनी गाडी बंद केली, शिकार तर आपोआपच बंद झाली. माझ्या बंदुकीच्या नळीत त्याआधीच्या वर्षी चिखल जाऊन ती फुगली होती. मार्चमध्ये व्हर्लिन म्हणाला, “माझी ने. कपाटात बसून तीही आंधळी व्हायची.”

मी नेली. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात तीन नर माझ्या हातचे गेले. टर्कीला वास येत नाही, पण तिची नजर आपल्या दहापट. तिन्ही वेळा पक्षी साठ पावलांवर आला, मी नळी इंचभर हलवली, सकाळचे ऊन तिच्यावर पडले, आणि पक्षी नाहीसा झाला. व्हर्लिन आयुष्यभर सीडरच्या झाडांच्या दाट सावलीत, नळीवर जुन्या कोटाची बाही टाकून, तासन्‌तास दगडासारखा बसत आला होता. माझ्यात तेवढा धीर नाही.

मेव्हिसच्या कॅफेत, मऊ पावासारख्या बिस्किटांवरची ग्रेव्ही निवेपर्यंत, व्हर्लिनने माझी हजेरी घेतली.

“पक्ष्याने तुला पाहिलंच नाही, मास्तर. तुझ्या नळीत त्याने स्वतःचं तोंड पाहिलं. तुरा सारखा केला आणि गेला.”

“तुझी बंदूक आहे. तूच एवढी घासून ठेवलीयस.”

“हो, चूक माझी. पुढच्या वेळी शेण फासून देतो.”

मेव्हिस माझ्या कपात कॉफी ओतत म्हणाली, “ऐक हार्लन, माझा मेहुणा रंगाचा डबा घेऊन आला होता, हिरवा आणि तपकिरी. सगळी बंदूक रंगवली. झाडाला टेकवून लघवीला गेला आणि अजून शोधतोय.”

हसणे ओसरल्यावर मी व्हर्लिनला विचारले, की बंदुकीवर काही गुंडाळले तर चालेल का.

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, “रंग लावलास तर इमोजीन उठून येईल. बाकी काय हवं ते कर. पण काढशील तेव्हा दिली तशी दिसली पाहिजे.”

“एक डाग दिसला तर माझं नाव बदल.”

“तुझं नाव बदलून मला काय मिळणार? बंदूक नीट ठेव.”

त्या दुपारी मी जे काम केले ते माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांपैकी एक होते, असे मला तेव्हा वाटले. पानाफांद्यांच्या छापाची कापडी चिकटपट्टी बाजारात मिळते, सगळेच वापरतात. पण तिचा गोंद वॉर्निश खातो आणि पोलादावर चिकट राप धरतो, हे मला ठाऊक होते. म्हणून मी खाटकाकडचा तपकिरी कागद आणला, त्याच्या दोन बोटे रुंद पट्ट्या कापल्या आणि आधी सगळ्या बंदुकीला कागदाचा एक पदर चढवला. त्यावर चिकटपट्टी. गोंदाचा एक थेंबही लाकडाला किंवा लोखंडाला लागणार नव्हता. चाप, काडतुसाची खिडकी आणि नळीच्या टोकाचा नेमाचा मणी एवढे उघडे ठेवले. इमोजीनच्या अक्षरांवरून कागद नेताना तर मी श्वासही धरून ठेवला होता.

व्हर्लिनने त्यावरून हात फिरवला. “हिला तर स्वेटर घातलास.”

“आत कागद आहे. गोंद लागणार नाही.”

“आणि ओल?”

“संध्याकाळी काढत जाईन.”

“रोज काढायचं, पुसायचं, आणि परत घालायचं,” तो म्हणाला.

“हो, रोज.”

रोज काढायला, पुसायला आणि पुन्हा चढवायला पाऊण तास लागे. मी तीन संध्याकाळी केले. चौथ्या दिवशी आभाळ कोरडे होते, म्हणून केले नाही. नंतर कारण शोधावे लागले नाही.

मे महिन्यात, हंगामाच्या शेवटच्या शनिवारी बारीक झिमझिम होती. डॉगवुडची फुले ओलीने जड होऊन खाली वाकली होती. आठच्या सुमारास एक नर मादीचा आवाज काढणाऱ्या माझ्या लाकडी डबीच्या हाकेला उत्तर देत ओढ्यातून वर आला, शेपूट पसरून, पावलापावलाला थांबत. मी नळी हलवली. त्याने पाहिले नाही. चाळीस पावलांवर तो माझा झाला. एकवीस पौंड, छातीवरचा केसांचा झुपका दहा इंच लांब.

मी तसाच व्हर्लिनकडे गेलो. पसरलेली शेपूट त्याने गुडघ्यांवर घेतली, झुपका बोटांनी दोनदा मोजला. त्याला नीट दिसत नव्हते, तरी त्याने सगळे विचारून घेतले : उजेड कुठून होता, पक्षी कुठल्या ओंडक्यामागून आला, हाकेनंतर किती वेळ गप्प राहिलो. शेवटी विचारले, “बंदूक पुसलीस?”

बाहेरच्या पडवीत मी चापावरून आणि उघड्या खिडकीवरून रुमाल फिरवला होता. म्हणून मी म्हणालो, “हो.”

“बरं. ती पानगळीपर्यंत तुझ्याकडेच राहू दे. इथे कोण बघतंय?”

घरी येऊन मी बंदूक कोठीच्या कपाटात उभी केली. आतला कागद स्पंजासारखा भरला होता, हे मला कळत नव्हते असे नाही. उद्या काढू, असे म्हणालो. पण उद्याचे कारण आळस नव्हता, आणि हे मी कोणालाच, माझ्या बायकोलाही, सांगितलेले नाही. पट्टीखाली असताना ती बंदूक कोणाचीच दिसत नसे. तिच्यावर व्हर्लिन नव्हता, इमोजीन नव्हती. कपाट उघडले की ती माझी असे. पट्टी काढली की ती पुन्हा उसनी होणार होती. जून गेला, जुलै गेला. मी कपाट उघडी, पाही आणि लावून घेई.

नोव्हेंबरमध्ये व्हर्लिनचा फोन आला. “थँक्सगिव्हिंगला कॉर्लिस येतेय. तिला द्यायचं ठरवलंय. सतरा वर्षांची होती तेव्हा माझ्या मागे मागे यायची, आठवतं? वसंतात परत येईन म्हणते. आदल्या दिवशी घेऊन येशील?”

कॉर्लिस त्याची एकुलती मुलगी. कॅन्सस सिटीत एका दवाखान्यात एक्स-रे काढते. मी म्हणालो, “आणतो.”

पट्टी सहज निघाली. कागद निघाला नाही. तो लोखंडाला चिकटून बसला होता, आणि नखाने सोलला तेव्हा त्याच्या पाठीवर तांबूस भुकटी आली. नळीवर हाताच्या पंजाएवढे लांब तीन चट्टे होते, गंज खोल खात गेलेला. पट्टीवर पट्टी जिथे चढली होती त्या तिरप्या रेषाही उमटल्या होत्या. कुंद्याचे वॉर्निश पांढुरके पडले होते. चौथा चट्टा इमोजीनच्या नावाच्या शेजारपर्यंत येऊन थांबला होता. मी कपाटासमोरच्या पेटीवर बसलो आणि बराच वेळ हातातला कागद चुरत राहिलो.

गावाबाहेर टीगचे बंदुकी दुरुस्त करण्याचे दुकान आहे. टीग माझा जुना विद्यार्थी. त्याने बंदूक दिव्याखाली धरली, चष्मा कपाळावर सरकवला.

“सर, हे कोणी केलं?”

मी टोपी काढून गल्ल्यावर ठेवली. त्याला कळले.

“पहिल्या वर्षी पहिल्याच दिवशी तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं,” तो हळू म्हणाला. “ओलं काहीही झाकून ठेवू नका. मी त्या परीक्षेत नापास झालो होतो.”

“नापास नव्हतास. सत्तर होते तुला.”

“बघा, तुम्हाला आठवतंय.” तो हसला, पण लगेच थांबला. “घासून, उकळत्या पाण्यात नवी झिलई चढवून देतो. नवी दिसेल. पण खड्डे जायला पोलाद तासावं लागेल, आणि ही अक्षरं केसाएवढी खोल आहेत. ती राहणार नाहीत.”

“अक्षरं गेली तर काय उपयोग?”

“मग मी तेल लावून गंज थांबवतो. डाग राहतील. ज्याची आहे त्याला सांगून टाका.”

गल्ल्याजवळच्या फळीवर काळे करायच्या औषधाच्या लहान बाटल्या होत्या. कापसाने लावले की लोखंड काळे पडते. माझी नजर तिकडे गेलेली त्याने पाहिली.

“ते मी विकतो, सर. सल्ला म्हणून देत नाही. त्यानं काळं होतं, बरं होत नाही.”

मी बाटली घेतली. मनाशी म्हणालो, कॉर्लिससाठी. तिच्या सणाच्या दिवशी तिच्या हातात गंजकी वस्तू कशाला? एकदा कॉर्लिसचे नाव पुढे केले की बाकीचे सोपे झाले. रविवारी माझी बायको चर्चमधून थेट बहिणीकडे गेली होती. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले, चट्टे घासले, आणि चारदा औषध लावले. कुंद्याला मेण चोळले. खिडकीपासून दूर धरली तर बंदूक जुन्यासारखी दिसे. शिवाय व्हर्लिनला समोरचे दिसतच नाही, हा विचार मनात आला, आणि मी तो घालवला नाही. मी तेवढा खाली गेलो होतो.

बुधवारी दुपारी मी त्याच्या घरी पोचलो. घरभर भोपळ्याच्या पाईचा गोड वास होता. पीठ लागलेल्या हातांनी कॉर्लिसने दार उघडले.

“या, हार्लनकाका! डॅडी सकाळपासून तीनदा दाराशी जाऊन आलाय. मी आले तेव्हा एकदाही गेला नव्हता.”

“तू रोज फोन करतेस,” व्हर्लिन खुर्चीतून म्हणाला. “बंदूक कुठे फोन करते?”

मी काडतुसाची खिडकी उघडून, रिकामी दाखवून, बंदूक त्याच्या हातात दिली. त्याने ती घराच्या खिडकीतल्या उजेडाकडे धरली, मान वळवून कडेने पाहिले. मग खिशातून डबी काढली आणि नेहमीप्रमाणे फडके नळीवरून फिरवू लागला. टोकापासून मागे, सावकाश. मध्यावर त्याचा हात थांबला. थोडा मागे गेला, पुन्हा त्याच जागी आला. त्याने फडके नाकाशी नेले.

त्या औषधाला वास असतो, सडक्या अंड्यासारखा, आणि तो आठवडाभर जात नाही. माझ्या नाकाला त्याची सवय झाली होती. व्हर्लिनने तीस वर्षे गल्ल्यामागून त्या बाटल्या विकल्या होत्या.

त्याने फडके घडी करून डबीत ठेवले आणि झाकण लावले. “कॉर्लिस, हात धू आणि इकडे ये.”

ती आली. त्याने बंदूक तिच्या हातात दिली. तिने कोरलेली अक्षरे मोठ्याने वाचली, आणि आईसारखीच मान मागे टाकून हसली. “जेवायच्या वेळेला घरी ये! एकदा तरी आलास का तू?” मग तिचा अंगठा नळीवर आला. “इथे खरखरीत का लागतंय, डॅडी?”

“ते माझं काम,” व्हर्लिन म्हणाला. “एका वर्षी पावसात नेली आणि तशीच ठेवून दिली. आळस, दुसरं काय. तू करू नकोस.”

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तरी त्याला माझ्या तोंडाच्या जागी धूरच दिसला असता. कॉर्लिसने मान हलवली. तिचा विश्वास बसला होता. आता मी गप्प बसायचे एवढेच उरले होते. तो कधी हा विषय काढणार नाही, हे मी एकतीस वर्षांच्या ओळखीवर सांगू शकत होतो. पण ज्या माणसाने त्या बंदुकीवर बोटाचा ठसा राहू दिला नाही, तो आपल्या मुलीच्या मनात आता आळशी ठरून राहणार होता, आणि तो डाग माझा होता.

“कॉर्लिस,” मी म्हणालो, “ते मी केलं.”

मग मी सगळे सांगितले. कागद, तीन संध्याकाळी, मेमधले ‘हो’, सहा महिन्यांचे कपाट, रविवारची बाटली. बंदूक माझी वाटायची, तेही सांगितले. ते इतके हळू सांगितले की पुन्हा सांगावे लागले.

ओव्हन टिकटिकत होता. मग व्हर्लिनने विचारले, “बाटली कुठून घेतलीस?”

“टीगकडून.”

“महाग देतो तो. कापसानं लावलंस की ब्रशनं?”

“कापसानं.”

“म्हणून पट्टे पडलेत. मास्तर असून एवढं कळत नाही.” त्याने थट्टेचा सूर धरला होता, पण तो धरवला नाही. हात गुडघ्यांवर ठेवून तो खाली पाहत राहिला. “गंजाचं मला काही नाही, हार्लन. लोखंड आहे, गंजणारच. मी मे महिन्यात तुला विचारलं होतं.”

“हो.”

“मला आता दिसत नाही. दूध नासलंय का, पायरी ओली आहे का, सगळं विचारून चालायचं. लोक सांगतात त्यावर पाय टाकायचा. त्यात तू असशील असं मी धरलं होतं.”

मी खुर्ची ओढून टेबलाशी बसलो.

कॉर्लिस उठली, तेलाची बाटली आणि बारीक तारेचा काथ्या घेऊन आली, आणि दोन्ही बंदुकीसह टेबलावर माझ्यासमोर ठेवले. “ते काळं काढा, काका,” ती म्हणाली. आवाज रागाचा नव्हता. दवाखान्यात रुग्णाला श्वास धरायला सांगावे तसा होता. “काय आहे ते मला बघू दे.”

मी घासत बसलो. रविवारी चार थरांत चढवलेले काळे वीस मिनिटांत निघाले. खालचे तपकिरी डाग वर आले, पट्ट्यांच्या तिरप्या रेषांसकट. अक्षरांजवळ मी काथ्या सोडून बोटाने तेल लावले. इमोजीनचे नाव पूर्ण होते. व्हर्लिन शेजारी येऊन बसला होता. त्याने त्या नावावर अंगठा ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

मी कोट घालत होतो तेव्हा कॉर्लिसने ताट वाढू का म्हणून विचारले. व्हर्लिन काही म्हणाला नाही, म्हणून मी नको म्हणालो. दाराशी पोचल्यावर त्याचा आवाज मागून आला.

“ती रविवारी परत जाणार. बंदूक वसंतापर्यंत इथेच राहील. महिन्यातून दोनदा पुसायला लागेल. मला डाग वाढलेत का ते दिसणार नाही.”

“मी येईन,” मी म्हणालो.

तेव्हापासून मी एक शनिवार सोडून जातो. टेबलावर वर्तमानपत्र पसरतो, त्याच्या डबीतले फडके घेतो, नळीच्या टोकापासून मागे येतो. आमच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या आहेत. मेव्हिसची, टर्कीची, टीगच्या महाग किमतींची. परवा त्याने मला माझ्या तीन हुकलेल्या नरांवरून पुन्हा छळले, आणि मी मनापासून हसलो.

शेवटी तो विचारतो, “पुसलीस?”

मी म्हणतो, “हो.”

पूर्वी तेवढ्यावर भागत असे. आता तो हात पुढे करतो, आणि मी बंदूक त्याच्या हातात देऊन, त्याची बोटे टोकापर्यंत जाऊन परत येईपर्यंत, उभा राहतो.